जुन्या इमारतींची राखण: नव्या स्वयंसेवकांसाठी कामाची पद्धत

या कामात नव्यानं येणारा माणूस बहुधा तारेचा ब्रश, खराटा आणि रंगाचा डबा घेऊनच हजर होतो. उत्साह खरा असतो, पण ते सामान घरी ठेवा. लहान गावातल्या जुन्या इमारतींवर लक्ष ठेवणाऱ्या स्वयंसेवकाचं काम दुरुस्ती करणं हे नव्हेच. बघायचं, लिहून ठेवायचं आणि योग्य माणसाला वेळेत सांगायचं. ऐकायला किरकोळ वाटतं; पण मी ज्या इमारती हातच्या जाताना पाहिल्या, त्यांतली एकही एका रात्रीत गेली नाही. प्रत्येकीनं आधी काही वर्षं तोंड उघडून सांगितलं होतं. ऐकणारं कोणी नव्हतं, किंवा ऐकणाऱ्यानं भलतंच औषध दिलं.

ही कल्पना जुनी आहे. १८७७ साली इंग्रज कवी-कलावंत विल्यम मॉरिस आणि त्याच्या सोबत्यांनी लंडनमध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, तेव्हा त्यांचा रोख पडझडीपेक्षा तथाकथित जीर्णोद्धारावर जास्त होता. जुनं खरवडून नव्यासारखं करण्यापेक्षा रोजची निगा राखा, असं त्यांचं म्हणणं. नेदरलँड्समध्ये १९७३ पासून ‘मोन्युमेंटनवाख्त’ नावाची व्यवस्था चालते. दोघादोघांच्या जोड्या वर्गणीदार मालकांच्या जुन्या इमारती छपरापासून पायापर्यंत तपासतात, सरकलेलं कौल जागेवर बसवण्यासारखी बारीक कामं तिथल्या तिथे उरकतात आणि मालकाच्या हातात लेखी अहवाल ठेवतात. ते पगारी, तरबेज लोक असतात आणि तुम्ही तसे नाही, त्यामुळे त्यांची कौलं बसवण्याची नक्कल करू नका. अहवालाची मात्र जरूर करा.

आधी गाव पायी फिरा

पहिल्या फेरीत फोटो काढू नका, वहीही काढू नका. नुसतं फिरा आणि मान वर करून बघा. बाजारातल्या इमारतींचा तळमजला बहुतेक ठिकाणी बदललेला असतो: काचा, पाट्या, शटर. वरच्या मजल्यावर मात्र जुना लाकडी सज्जा, कोरीव कंस, मूळच्या खिडक्या अजून शाबूत असतात. रोज त्या रस्त्यानं जाणाऱ्यांनाही हे ठाऊक नसतं.

दुसऱ्या फेरीत यादी करा. ऐतिहासिक म्हणजे राजवाडा आणि देवालय एवढंच नव्हे. शाळा, गिरणी, पाण्याची टाकी, विहीर, पूल, वेस, जुनं रेल्वे स्टेशन आणि साध्या माणसांची एका रांगेत उभी असलेली घरं हे सगळं त्यात येतं. अशा रांगेतलं एकेक घर वेगळं काढून पाहिलं तर सामान्य असतं. त्याची किंमत रांगेत आहे. म्हणून रांगेची नोंद रांग म्हणूनच करा.

प्रत्येक इमारतीपुढे ‘ही का जपायची’ याचं एक वाक्य लिहा. वाक्य सुचलं नाही तर जागा कोरी सोडा आणि एखाद्या म्हाताऱ्या गवंड्याला किंवा सुताराला विचारा. आम्हाला एका कोऱ्या जागेचं उत्तर असंच मिळालं. त्या साध्या दिसणाऱ्या घराच्या तुळयांना एकही खिळा नव्हता, सगळे सांधे लाकडात लाकूड अडकवून केलेले. पाच-सहा जणांच्या गटाला सुरुवातीला पंचवीस इमारती पुष्कळ झाल्या. शंभरांची यादी करणारे गट दुसऱ्या वर्षी यादीच हरवतात.

ही यादी घाईनं जाहीर करू नका. पश्चिम लंडनमधल्या फायरस्टोन टायर कारखान्याची गोष्ट या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत असावी. १९२८ सालची ती देखणी इमारत सरकारी संरक्षण यादीत जाणार हे दिसत होतं. १९८० च्या ऑगस्टमधल्या जोडसुट्टीत, कचेऱ्या बंद असताना, मालकांनी तिचा दर्शनी भाग पाडून टाकला. त्या धक्क्यामुळे तिथलं यादीचं काम झपाट्यानं पुढे सरकलं, पण इमारत गेली ती गेलीच. तुमची यादी मालकाला वर्तमानपत्रातून कळली, तर तोही हाच हिशोब करेल. मालकाशी आधी बोला. आणि जोडसुट्टीच्या दिवशी एक चक्कर मारत जा.

कोणाची आहे, कोणाच्या अखत्यारीत आहे

हा भाग कंटाळवाणा आहे, लवकर उरकून घ्या. प्रत्येक इमारतीसाठी मालक कोण, वापरतं कोण, काही कायदेशीर संरक्षण आहे का, आणि बदलाला किंवा पाडकामाला परवानगी कोण देतं, एवढ्या चारच गोष्टी हव्यात. संरक्षण वेगवेगळ्या पातळ्यांचं असतं आणि दर पातळीचं कार्यालय वेगळं. कधी नियम इमारतीच्या भिंतीपाशी थांबत नाही. भारतात राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकाभोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र धरलं जातं, म्हणजे शेजारच्या साध्या घराच्या बांधकामालाही तो नियम लागू होतो. अमेरिकेत चार्ल्स्टन शहरानं १९३१ मध्ये तर अख्खा जुना भागच संरक्षित ठरवला आणि तिथल्या बाह्य बदलांसाठी परवानगी लागू केली. तुमच्याकडे काय लागू आहे ते कार्यालयात जाऊन विचारा, ऐकीव माहितीवर राहू नका.

तिथे गेलात की आणखी एक विचारा: स्वयंसेवकांना यात काही अधिकृत जागा आहे का? जर्मनीतल्या बव्हेरिया राज्यात जिल्ह्यागणिक मानद वारसा-पालक नेमलेले असतात आणि वास्तुरक्षणाच्या कामात प्रशासन त्यांचा सल्ला घेतं. इंग्लंडमध्ये चर्चच्या इमारतीची रोजची देखभाल विनावेतन वॉर्डनांकडे असते आणि १९५५ पासून चालत आलेल्या पद्धतीनुसार दर पाच वर्षांनी जाणकाराकडून तपासणी होते. रोजचं लक्ष शेजाऱ्याचं, ठरावीक काळानं नजर तज्ज्ञाची, ही विभागणी मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते. अशी अधिकृत जागा नसेल तरी हरकत नाही; निदान एका अधिकाऱ्याला तुमचा चेहरा ओळखीचा होऊ द्या.

नोंद: उद्या इमारत नसेल असं समजून लिहा

दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधल्या वॉर्साचं जुनं शहर ठरवून जमीनदोस्त केलं गेलं. युद्धानंतर ते पुन्हा उभं राहिलं त्याला लोकांच्या जिद्दीइतकाच कागदांचाही आधार होता. अठराव्या शतकात बेर्नार्दो बेलोत्तोनं काढलेली शहराची चित्रं होती, आणि तिथल्या तंत्रविद्यापीठाच्या वास्तुकला विभागानं युद्धापूर्वी मोजमापं घेऊन केलेले आराखडे होते, जे लोकांनी जीव धोक्यात घालून लपवून ठेवले. ते काढणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी कोणालाही तेव्हा वाटलं नसेल की आपल्या अभ्यासाच्या वहीवरून शहर बांधलं जाईल.

तुमच्याकडे मोबाइल आहे, मोजपट्टी आहे, म्हणजे साहित्य पुरेसं आहे. फक्त शिस्त हवी. इमारतीच्या प्रत्येक बाजूसाठी उभं राहण्याची एक जागा ठरवा आणि ती कायम ठेवा: ‘समोरच्या खांबाला पाठ लावून, छातीच्या उंचीवरून’ असं लिहूनच ठेवा, कारण पुढच्या वर्षी दुसरा कोणी जाणार आहे. ऊन तिरपं असताना भिंतीचे फुगवटे आणि पोपडे उठून दिसतात, भर दुपारी सगळं सपाट दिसतं. जवळच्या फोटोत मोजपट्टी किंवा नाणं ठेवा. नाहीतर भेग केसाएवढी की बोटाएवढी, हे वर्षभरानं कोणालाच सांगता येत नाही. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, दिवस, इमारतीचा क्रमांक आणि दिशा. ‘वाडा नवीन फायनल’ अशा नावाच्या फाइली मीही एके काळी केल्या आहेत, आणि त्यांतला एकही फोटो आज उपयोगाचा नाही.

प्रती तीन ठेवा, त्यांतली एक गावाबाहेर. कागदावरची प्रतही असू द्या. मोबाइल बदलणारा माणूस वही सहसा टाकत नाही.

आत जाऊन नोंद करायची असेल तर परवानगी घेऊनच. पडक्या इमारतीत एकट्यानं कधीच जायचं नाही, आणि कुजक्या फळ्यांवर, खचलेल्या जिन्यावर दोघांनीही नाही. कबुतरांची विष्ठा साचलेल्या बंद खोलीत झाडलोट करू नका. ती धूळ फुप्फुसांना घातक असते. राहत्या घराचे फोटो काढताना आतलं सामान आणि माणसं चौकटीबाहेर ठेवा.

पावसात बाहेर पडा

सगळ्या कामात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही पायरी, आणि नेमकी तीच लोक टाळतात. भर पावसात छत्री घेऊन इमारतीभोवती फिरा. कोरड्या दिवशी जे शोधायला तासभर लागेल ते पावसात पाच मिनिटांत दिसतं. पाणी कुठून पडतं, कुठे साचतं, पन्हळीच्या कुठल्या सांध्यातून भिंतीवर उतरतं, जमिनीवर आदळून जोत्यावर किती उंच उडतं. या गोष्टी कोणताही तज्ज्ञ उन्हाळ्यात तुम्हाला दाखवू शकत नाही.

जुन्या भिंती पाण्याला सर्वस्वी अडवत नाहीत. दगड, वीट, माती आणि चुना यांच्या भिंती ओल घेतात आणि हवेत सोडून देतात. घेणं आणि सोडणं यांचा मेळ आहे तोवर भिंत शेकडो वर्षं उभी राहते. बिघडतं ते हा मेळ मोडल्यावर. जमिनीतली ओल सूक्ष्म छिद्रांतून वर चढते, साधारण मीटर-दीड मीटरपर्यंत. पाणी हवेत उडून जातं, पण त्यात विरघळलेले क्षार पृष्ठभागापाशी मागे राहतात आणि त्यांचे स्फटिक बनतात. तोच लोणा. स्फटिक वाढताना दगडाचा आणि विटेचा पापुद्रा आतून ढकलतात आणि भिंत पीठ होऊन गळू लागते. लोणा दिसला की पुसून काढू नका. आधी त्याची जोत्यापासूनची उंची मोजून लिहा. तीन-तीन महिन्यांनी तीच रेघ वर सरकते आहे का, हे कळणं जास्त मोलाचं आहे.

ओल अचानक वाढण्याची कारणं शोधायला फार लांब जावं लागत नाही. पन्हळीत साचलेला पाला. फुटलेला नळ. सतत वाहणारी टाकी. वातानुकूलन यंत्राची भिंतीवर ठिबकणारी नळी. आणि माझ्या अनुभवात सगळ्यांत दुर्लक्षित राहिलेलं कारण म्हणजे रस्ता. दर वेळी जुन्या थरावर नवा थर टाकत रस्ता हातभर उंच होतो, जोतं जमिनीखाली जातं, हवेसाठी ठेवलेल्या झरोक्यांत पाणी शिरतं आणि इमारत खड्ड्यात उभी राहते. इमारतीला हात न लावता तिचं एवढं नुकसान दुसरं कोणी करत नसेल. रस्त्याचं काम निघालं की आधीची पातळी जोत्यावरून मोजून फोटोसह नोंदवा आणि वरचा थर खरवडून मगच नवा टाकण्याची मागणी कामाआधी करा. डांबर पडल्यावर सगळे हळहळतात, उकरत कोणी नाही.

भिंतीतल्या रोपांचंही तसंच. पक्ष्यांनी टाकलेल्या बीतून वड, पिंपळ, उंबर दरजांमध्ये रुजतात. दोन पानांचं रोप असतानाच मालकाला सांगितलं तर ते बोटानं निघतं. मनगटाएवढं झाल्यावर ओढून काढायला गेलात तर मुळाबरोबर दगडही येतो; तिथे जाणकाराच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्यानंच काढावं लागतं.

तडे: घाबरण्याआधी मोजा

तडा दिसला की पहिला प्रश्न ‘केवढा’ नसतो, ‘जिता आहे का’ हा असतो. आत धूळ, कोळिष्टकं किंवा जुना रंग असेल तर तो बरीच वर्षं तिथेच आहे. कडा स्वच्छ, उजळ आणि धारदार असतील तर ताजा. शेजारचं दार अलीकडे अडकू लागलंय का, हेही विचारा. दाराची चौकट अनेकदा भिंतीच्या आधी बोलते.

मग मोजमाप. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं बारीक रेघ आणि तारीख. मध्ये तीन ठिकाणी रुंदी मिलिमीटरमध्ये. पूर्वी तड्यावर काचेची पट्टी चिकटवत, ती तडकली की हालचाल झाली असं समजत. पण किती आणि कोणत्या दिशेनं, हे त्यातून कळत नाही. आता एकमेकींवर सरकणाऱ्या, मिलिमीटरच्या चौकटी छापलेल्या पारदर्शक पट्ट्या मिळतात, त्या मालकाच्या संमतीनं आणि कोरीवकाम किंवा चित्रं नसलेल्या जागीच लावा. निदान एक वर्ष मोजा. ऊन, थंडी आणि ओल यांनी तडे उघडतात आणि मिटतात, त्यामुळे तीन महिन्यांच्या आकड्यांवरून उन्हाळ्याचा खेळ इमारत खचल्यासारखा वाटू शकतो.

वर्षाची वाट मात्र प्रत्येक वेळी पाहायची नसते. भिंतीला फुगवटा आला आहे, तुळईचं टोक भिंतीतून निसटतंय, कमानीचा मधला दगड खाली सरकलाय, किंवा मोजता मोजता आठवड्याभरात आकडा वाढला, तर वही मिटा, लोकांना तिथून लांब करा आणि त्याच दिवशी मालकाला व प्रशासनाला कळवा. निदान करणं अभियंत्याचं काम आहे.

मालकाच्या दारात

इथे बहुतेक गट फसतात. आम्हीही फसलो. सुरुवातीच्या काळात आम्ही एका मालकाला दोषांची अकरा कलमांची यादी दिली, फोटोंसह, टापटीप. त्यानं ती वाचली, परत केली आणि पुढची दोन वर्षं आम्हाला दारात उभं केलं नाही. त्याला त्यात मदत दिसली नाही, आरोपपत्र दिसलं. चूक त्याची नव्हती.

तेव्हापासून पहिल्या भेटीत आम्ही फक्त ऐकतो. घर कोणी बांधलं, कुठली खोली कधी वाढवली, छप्पर कधी बदललं. मालक आपल्या घराबद्दल बोलायला तयार असतो. घर कसं सांभाळावं हे परक्यानं सांगावं याला तयार नसतो. बोलण्याच्या ओघात अडचणीही कळतात. भावांमधला वाद असतो, भाडेकरूचा प्रश्न असतो, पैसे नसतात, किंवा मुलं लांब असतात आणि म्हातारं माणूस एकटं शिडी चढू शकत नाही. यातल्या निम्म्या अडचणींवर वास्तुशास्त्राचा काहीच इलाज नाही. पण शेवटची अडचण असेल तर पावसाळ्याआधी पन्हळ साफ करणारा भरवशाचा कारागीर शोधून देणं, ही दहा पत्रांपेक्षा मोठी मदत आहे.

दुसऱ्या भेटीला जाताना त्यांच्याच घराचे चांगले फोटो छापून न्या. दोषांचे नव्हेत, देखणे. मग एकच गोष्ट सांगा, सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत निकडीची. पन्हळ असेल तर फक्त पन्हळ.

मालक राजी असतील तर कायदा मागाहून येतो, याचं मला आवडणारं उदाहरण जपानमधल्या त्सुमागो या वाटेवरच्या छोट्याशा गावाचं आहे. जुना राजमार्ग मागे पडल्यावर गाव ओस पडत चाललं होतं. १९६८ पासून घरांची दुरुस्ती सुरू झाली आणि १९७१ मध्ये रहिवाशांनी आपापसांत सनद केली: विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, पाडायचं नाही. सरकारनं त्या वस्तीला जतनक्षेत्राचा दर्जा दिला तो १९७६ मध्ये, म्हणजे लोकांच्या शब्दानंतर पाच वर्षांनी. सगळ्या गावांना ही तीन कलमं झेपणार नाहीत, आणि ‘भाड्यानं द्यायचं नाही’ हे तर रिकाम्या घरांच्या गावात घातकच ठरेल. रिकामं घर राहत्या घरापेक्षा लवकर पडतं. पण शेजाऱ्यांनी एकत्र बसून स्वतःच्या नियमांवर सही करणं, हे कुठेही करता येण्यासारखं आहे.

पत्र लिहिताना ‘धोकादायक’ हा शब्द जपून

लक्ष वेधून घ्यायला आपण भडक लिहितो. ‘ही ऐतिहासिक वास्तू कोणत्याही क्षणी कोसळेल.’ आता विचार करा, हे वाक्य कोणाच्या कामाचं आहे? इमारत पाडून जागा मोकळी करू पाहणाऱ्याच्या. तुमचंच पत्र पुरावा म्हणून जोडलं जातं आणि सार्वजनिक सुरक्षेच्या नावाखाली पाडकामाचा आदेश निघतो. हे मी घडताना पाहिलं आहे, आणि पत्र आमच्याच बाजूच्या एका भल्या माणसाचं होतं.

त्यापेक्षा असं लिहा: ‘पश्चिमेच्या भिंतीवर जोत्यापासून ९० सेंटिमीटर उंचीपर्यंत ओल आहे. मार्चमध्ये ती ६० सेंटिमीटर होती. वरची पन्हळ दोन ठिकाणी तुटलेली आहे. पावसातला फोटो सोबत जोडला आहे. पन्हळीची दुरुस्ती पुढच्या पावसाआधी व्हावी, ही विनंती.’ पाहिलेलं एकीकडे, त्यावरून बांधलेला अंदाज दुसरीकडे, आणि मागणी एकच. पोच घ्या, प्रत जपून ठेवा, महिन्यानं त्याच पत्राचा संदर्भ देऊन पुन्हा लिहा. इमारत खरोखरच पडायला आली असेल तर ते स्पष्ट सांगायचंच, लोकांच्या जिवापुढे दगडाची काय कथा. पण त्याच वाक्यात तात्पुरते टेकू, कठडा आणि जतनाच्या जाणकार अभियंत्याची तपासणी मागा. कोसळेल एवढंच लिहून सोडलंत तर उपाय दुसरा कोणीतरी ठरवेल.

जाहीर सूचना आणि निविदा वाचण्यासाठी गटातला एक जण नेमा. आठवड्यातून अर्धा तास. हरकत घेण्याची मुदत उलटून गेल्यावर काढलेल्या मोर्चांपेक्षा मुदतीतलं एक पानाचं पत्र जास्त चालतं.

दुरुस्ती सुरू झाली की जास्त लक्ष द्या

काम निघालं म्हणून हायसं वाटतं. इथेच नजर ढळते. जुन्या इमारतीचं आयुष्य घटवणारी पुष्कळ कामं दुरुस्ती याच नावानं होतात.

सर्वांत आधी सिमेंट. चुनखडी भाजून, विरवून केलेला चुना भिंतीत बसल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत पुन्हा दगडासारखा होतो, पण थोडा मऊ आणि श्वास घेणारा राहतो. भिंत किंचित हलली तर तो सामावून घेतो, ओल आली तर दरजेतून बाहेर जाते. दरजा सिमेंटनं भरल्या की ती वाट बंद होते. मग ओल दगडातून बाहेर पडू पाहते आणि झिजतो तो दगड. काही वर्षांनी सिमेंटच्या रेघा पुढे आलेल्या आणि मधले दगड खोल गेलेले दिसतात. दरजेतला माल नेहमी दगडापेक्षा कमजोर हवा. बिघडायचं असेल तर त्यानं बिघडावं, कारण तो बदलता येतो. चुन्यावर सिमेंटचा गिलावा किंवा प्लास्टिकसारखा बसणारा रंगही हेच करतो.

दगड वाळूच्या फवाऱ्यानं किंवा तारेच्या ब्रशनं ‘स्वच्छ’ करायला घेतला तर त्याच क्षणी हात जोडून थांबवायला सांगा. काजळीबरोबर दगडाचा टणक पृष्ठभाग आणि छिन्नीच्या खुणाही जातात, आणि त्या परत येत नाहीत.

लोखंडाची गोष्ट तर अथेन्समधल्या पार्थेनॉन या प्राचीन मंदिरावर घडलेली आहे. मूळ ग्रीक कारागिरांनी संगमरवराचे ठोकळे जोडताना लोखंडी कड्यांभोवती शिसं ओतलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभियंता निकोलाओस बालानोस यांच्या देखरेखीखालच्या दुरुस्तीत तशी काळजी न घेता लोखंड वापरलं गेलं. ते गंजलं, गंजून फुगलं आणि त्यानं संगमरवर आतून फोडला. १९७५ मध्ये नेमलेल्या समितीच्या कामात ते लोखंड काढून टायटॅनियम बसवावं लागलं. बालानोस अडाणी नव्हते, हेतूही वाईट नव्हता. म्हणून ठेकेदाराला विचारायचा प्रश्न असा असावा: हे उद्या चुकीचं ठरलं तर मूळ भागाला इजा न करता काढता येईल का?

आणि आग. इंग्लंडमधल्या अपपार्क या जुन्या हवेलीच्या छपराची दुरुस्ती १९८९ मध्ये संपत आली होती. कामगार शिशाच्या पत्र्यावर ज्योतीनं जोडकाम करत होते, त्यातून लागलेल्या आगीनं वरचे मजले खाक झाले. जुन्या लाकडात ठिणगी तासन्‌तास धुमसत राहू शकते. वेल्डिंग किंवा ज्योतीचं काम असेल तर ते कधी थांबतं, आणि थांबल्यावर निदान तासभर तिथे कोण थांबतं, हे विचारा. ‘कोणी नाही’ असं उत्तर आलं तर ते त्याच संध्याकाळी मालकाच्या कानावर घाला.

हे सगळं ठेकेदाराशी भांडून होत नाही. सगळ्या भिंतीवर हात चालवण्याआधी एका कोपऱ्यात हातभर नमुना करून दाखवा, एवढी मागणी मालकाकडून लेखी करून घ्या. नमुना नीट झाला तर ठेकेदाराचंही काम सोपं होतं, नाही झाला तर नुकसान हातभरच.

गटाबद्दल थोडंसं

पदं वाटत बसू नका. एक जण वही सांभाळणारा, एक जण पत्रव्यवहार बघणारा, बाकीच्यांनी प्रत्येकी चार-पाच इमारती वाटून घ्यायच्या आणि वर्षातून तीन फेऱ्या करायच्या: पावसाआधी, भर पावसात आणि पाऊस सरल्यावर. जोडीनं जा, एकाला जे सवयीनं दिसेनासं होतं ते दुसऱ्याला दिसतं. दर वर्षी इमारतींची अदलाबदल करा, कारण तेच.

मालकाचे पैसे गटानं हाताळू नयेत. कारागीर सुचवा, पण दोन-तीन नावं द्या आणि व्यवहार त्यांचा त्यांना करू द्या. गटातल्या कोणाचा एखाद्या इमारतीत किंवा शेजारच्या भूखंडात हितसंबंध असेल तर त्यानं तो आधीच सांगावा आणि त्या इमारतीच्या चर्चेत बसू नये. लहान गावात प्रत्येक जण कोणाचा ना कोणाचा नातलग असतो, त्यामुळे हा नियम पहिल्याच बैठकीत लिहून ठेवा. भांडण सुरू झाल्यावर केलेला नियम कोणाच्या तरी विरुद्ध केल्यासारखा दिसतो.

वही कोणाच्या घरी आहे, फोटोंची तिसरी प्रत कुठे आहे आणि पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे, हे वहीच्या पहिल्याच पानावर असू द्या. आमच्या वहीच्या त्या पानावर आतापर्यंत चार जणांचं अक्षर आहे.